जुनी रॅम, जुना प्रिंटर आणि अण्णांचा नकाशा

गेल्या दिवाळीत माळा आवरायला काढला होता. दरवर्षी काढतो आणि दरवर्षी निम्मं सामान पुन्हा वर चढवतो, ही गोष्ट वेगळी. तर त्या पसाऱ्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत गंजलेले स्क्रू, तुटका माऊस, दोन फ्लॉप्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक हिरवी पट्टी. सव्वाचार इंच लांब, इंचभर रुंद. एका अंगाला ओळीनं आठ काळ्या चिप्स आणि खालच्या कडेला बहात्तर चकचकीत पिना.

"हे भंगारात टाकू का?" बायकोनं विचारलं.

"नको. अण्णांच्या नकाशाची आहे ती."

खरं म्हणजे नकाशाची ती नव्हे, तिची जुळी बहीण. ही मागे उरलेली. पण ती हातात घेतली आणि २००५ सालचा आमचा जिंतूरचा तो सगळा खटाटोप डोळ्यासमोर आला. कॉम्प्युटरची जुनी रॅम काढून प्रिंटरला लावायची, हा उद्योग त्या काळात जगभर पुष्कळांनी केला. आज तो कुणाला करावा लागत नाही, आणि करायचा म्हटला तरी करता येत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, २००३ साली निवृत्त झाले. त्यांचं मूळ गाव पूर्णेच्या काठी होतं. होतं म्हणजे आता नाही. आमच्या तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर मोठं धरण झालं. १९६८ साली ते पूर्ण झालं. खालच्या भागात कालव्यांनी शेतं भिजली, साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आलं. धरणाला नावं ठेवायचं कारण नाही, आम्हीही त्याचंच पाणी पितो. पण वरच्या अंगाला जी गावं पाण्याखाली गेली त्यांत आमचं एक होतं. गाव उठलं तेव्हा अण्णा विशीत होते. काही घरं नव्या गावठाणात गेली, काही जिंतुरात आली, काही परभणीला, आणि पुढच्या पिढ्या पुण्याला.

निवृत्तीनंतर अण्णांनी एक वही घातली. घरवार यादी. कुणाचं घर कुठल्या तोंडाचं, कुणाच्या विहिरीला पाणी गोड, पोळ्याला बैल कुठल्या क्रमानं उभे राहत, चिंचेखाली कोण बसे. आणि वहीच्या शेवटी एक नकाशा. चार ड्रॉइंग शीट मागून टेपनं जोडून त्यावर पेन्सिलीनं काढलेला. नदी, उतार, मारुतीचं देऊळ, आणि एकूण एक घर, त्यावर घरमालकाचं नाव. ही वही तीस प्रती काढून उरलेल्या घरांना वाटायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

तीस प्रतींसाठी कुठला छापखाना प्लेट करून देणार? पण माझ्याकडं लेझर प्रिंटर होता. २००४ साली औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका ऑफिसनं काढून टाकलेला तीन हजार रुपयांत आणला होता. पंधरा-सोळा किलोचं धूड, एसटीत त्याचं लगेज तिकीट काढावं लागलं. दहा-बारा वर्षांचा होता, पण छपाई अशी की मास्तर लोक हात फिरवून बघत.

वहीची बेचाळीस पानं मी रात्री जागून टाईप केली आणि ती व्यवस्थित छापून निघाली. अडलं ते नकाशापाशी.

तुम्ही म्हणाल, झेरॉक्स काढायची. आधी तेच केलं. मूळ कागद पिवळे पडलेले, टेपचे तपकिरी डाग पडलेले. झेरॉक्समध्ये डाग काळेकुट्ट उठले आणि पेन्सिलीच्या रेघा गायब झाल्या. नावं तर मुळातच फिकट होती. मग ओळखीच्या फोटो स्टुडिओतल्या स्कॅनरवर चार तुकडे स्कॅन केले, कॉम्प्युटरवर जोडले, आणि पुसट झालेल्या नावांवर मराठी फॉन्टमध्ये नवी नावं बसवली. पडद्यावर गाव छान दिसत होतं. प्रिंटची आज्ञा दिली. प्रिंटर बराच वेळ विचार करत बसला, मग कागद बाहेर आला. त्यावर अर्धं गाव. उरलेलं अर्धं दुसऱ्या कागदावर. आणि प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर मेमरी कमी पडल्याचा निरोप.

मी म्हटलं, "अण्णा, दोन पानांवर छापू आणि मधे चिकटवू."

अण्णांनी चष्मा काढला. "गाव एकदा मोडलंय बाळा. कागदावर तरी अख्खं राहू दे."

यावर काय बोलणार?

आता प्रिंटरला मेमरी लागतेच कशाला, हा प्रश्न मलाही तेव्हा पडला होता. त्याचं उत्तर लेझर प्रिंटरच्या जन्मातच आहे. बँकेतला तो कर्रकर्र करणारा डॉट मॅट्रिक्स आठवा. तो एक ओळ छापतो, थांबतो, पुढची ओळ मागवतो. मधे पाच मिनिटं थांबला तरी कागद जागच्या जागी. लेझरचं तसं नाही. झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर या इंजिनिअरनं साठच्या दशकाच्या शेवटी ही कल्पना मांडली. झेरॉक्सच्या यंत्रात मूळ कागदावर उजेड पाडून त्याची प्रतिमा ढोलावर उमटवतात. मूळ कागदच नसला आणि लेझरच्या किरणानं ती प्रतिमा थेट ढोलावर लिहिली तर? १९७१ पासून त्यानं कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ते करून दाखवलं, आणि १९७७ साली झेरॉक्स ९७०० हा प्रचंड प्रिंटर बाजारात आला.

पण यात एक गोम आहे. ढोल फिरू लागला, कागद आत गेला की मधे थांबता येत नाही. किरण ज्या वेगानं ओळीमागून ओळ लिहितो त्या वेगानं ठिपके पुरवावेच लागतात. म्हणजे सगळं पान आधी कुठंतरी तयार असायला हवं. लग्नाच्या पंगतीसारखं आहे. पानं मांडली, लोक बसले, आणि मग भाजी चिरायला घेतली तर कसं चालेल? ती तयारी ठेवण्याची जागा म्हणजे प्रिंटरची मेमरी.

आणि ही जागा फार लागते. ए-फोर कागदावर इंचाला ३०० ठिपके धरले तर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच लक्षात ठेवायचं म्हटलं तरी एक एमबीच्या थोडं वर. १९८४ साली एचपीचा पहिला लेझरजेट आला तो कॅननच्या यंत्रावर बेतलेला होता, आणि त्याची मेमरी होती १२८ केबी. पानाच्या आठव्या हिश्श्याइतकी! म्हणून तो अक्षरं झकास छापायचा, पण पानभर चित्र द्यायचं तर इंचाला ७५ ठिपक्यांवर उतरावं लागे. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, ॲपलच्या लेझररायटरमध्ये दीड एमबी आली आणि अख्खं पान चित्रासारखं छापता येऊ लागलं. त्याची किंमत जवळपास सात हजार डॉलर होती, आणि गंमत म्हणजे ज्या मॅकिंटॉशला तो जोडत त्या मॅकिंटॉशपेक्षा प्रिंटरचा मेंदू जास्त वेगवान होता.

मग १९९२ साली लेझरजेट ४ आला तो इंचाला ६०० ठिपके घेऊन. ठिपके आडवे दुप्पट, उभे दुप्पट, म्हणजे भूक चौपट. एका पानाला चार एमबीच्या वर. आणि नेमकी तेव्हा मेमरी महाग. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथं चिप्सच्या आवरणाला लागणारं रेझिन बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि जगभर रॅमचे भाव एका झटक्यात चढले. १९९५ पर्यंत एका एमबीला तीस डॉलरच्या आसपास मोजावे लागत. त्यामुळं प्रिंटर बनवणाऱ्यांनी मधला मार्ग काढला. प्रिंटर दोन एमबी घालून विकायचा, आणि आत एक-दोन खाचा मोकळ्या ठेवायच्या. ज्याला गरज असेल त्यानं वाढवून घ्यावी.

दोन एमबीत चार एमबीचं पान कसं मावायचं? तर युक्तीनं. साध्या मजकुराच्या पानावर बहुतेक जागा कोरी असते. "पुढचे हजार ठिपके पांढरे" असं एका दमात लक्षात ठेवलं की काम भागतं. म्हणून अण्णांची बेचाळीस पानं निघाली. नकाशाचं तसं नव्हतं. पिवळट कागदाचा करडा रंग म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळीच. त्यात "पुढचे हजार पांढरे" असं कुठंच म्हणता येत नाही, एकेक ठिपका वेगळा ध्यानात ठेवावा लागतो. स्कॅन करताना करडा रंग काढून नुसतं काळं-पांढरं केलं तर पेन्सिलीच्या रेघा जात आणि डाग राहत. छपाई ३०० ठिपक्यांवर आणली तर पान अख्खं निघे, पण बारीक नावांची दशा होई. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत, "र्णे" आणि "णें" यांत फरक उरेना. एका घराचं आडनाव चुकीचं वाचलं गेलं तर त्या नकाशाला अर्थ काय?

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या निमित्तानं पहिल्यांदा कळली. प्रिंटरच्या पोटात काही अक्षरं कायमची कोरलेली असतात. इंग्रजी मजकूर पाठवला तर कॉम्प्युटर फक्त सांगतो, "इथं ए, इथं बी", आणि प्रिंटर स्वतःच्या साठ्यातून ते अक्षर काढतो. मराठी अक्षर त्या साठ्यात नव्हतं. आपला "क" प्रिंटरच्या दृष्टीनं अक्षर नव्हताच. तो दर वेळी बाहेरून पाठवावा लागे, आकार म्हणून किंवा सरळ चित्र म्हणून, आणि तो ठेवायला पुन्हा मेमरीच.

जुन्या छापखान्यात ज्यांनी खिळे जुळवताना पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. इंग्रजीचा जुळारी एक-दोन केसेसमध्ये काम भागवतो. देवनागरीला शेकडो खिळे लागतात. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार. मुंबईच्या निर्णयसागरचे जावजी दादाजी यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात सुबक देवनागरी खिळे पाडून घेतले म्हणून मराठी ग्रंथ देखणे झाले. कॉम्प्युटर आला तेव्हा तीच लढाई नव्यानं लढावी लागली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) पुढं गेलं, त्यातून जिस्ट कार्ड आलं. १९९१ साली इस्की ही भारतीय लिप्यांची सांकेतिक पद्धत प्रमाण म्हणून ठरली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी गावोगावच्या डीटीपीवाल्यांच्या हाती गेलं. लग्नपत्रिकांपासून प्रश्नपत्रिकांपर्यंत सगळं त्यावर होऊ लागलं. सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिल खरडणारे आमचे अण्णा पहिल्यांदा लेझरवर छापलेली चौथीची प्रश्नपत्रिका बघून म्हणाले होते, "आता पोरांना नापास करायला लाज वाटेल."

तर थोडक्यात, इंग्रजी पान छापणाऱ्याला दोन एमबी पुष्कळ होती. मराठी नावांचा करडा नकाशा छापणाऱ्याला ती पुरण्यातली नव्हती.

आता ही मेमरी आणायची कुठून? प्रिंटरसाठी म्हणून विकली जाणारी मेमरी मुंबई-पुण्याकडं चौकशी केली तर मिळत होती, पण तिची किंमत ऐकून मी फोन ठेवून दिला. प्रिंटरच्या किमतीहून जास्त. मात्र प्रिंटरच्या पुस्तिकेत खाचेचं वर्णन वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. बहात्तर पिनांची सिम. (मोबाईलच्या सिमशी हिचा काही संबंध नाही.) ती तर जुन्या कॉम्प्युटरमध्ये असते!

पूर्वी कॉम्प्युटरमध्ये मेमरीच्या चिप्स एकेक करून बोर्डावर खोचत. पाय वाकायचे, उलटी बसायची. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतल्या वँग कंपनीनं त्या चिप्स एका छोट्या पट्टीवर ओळीनं बसवल्या आणि पट्टीच खाचेत सरकवायची सोय केली. सुरुवातीच्या पट्ट्यांना तीस पिना, मग बहात्तरची आली. ४८६ आणि पहिल्या पेंटियम यंत्रांत तीच असे. १९९७ च्या सुमारास १६८ पिनांच्या नव्या पट्ट्या आल्या आणि बहात्तरवाल्या अडगळीत गेल्या. प्रिंटर बनवणाऱ्यांनी मात्र नव्वदच्या दशकात तीच बाजारू पट्टी वापरली होती, म्हणून एका यंत्राचं दुसऱ्याला चालत होतं.

आणि जिंतुरात तेव्हा अशी अडगळ होती. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्याला निघाले, आणि त्यापायी जुन्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांना नवी यंत्रं घ्यावी लागली. जुनी पेंटियम यंत्रं नवं विंडोज पेलू शकत नव्हती. आमच्या ओळखीच्या क्लासवाल्या सरांकडं अशी चार धुडं कोपऱ्यात रचलेली होती. एकाच्या पोटात सोळा-सोळा एमबीच्या दोन पट्ट्या सापडल्या. (पेंटियमला त्या जोडीनंच लागत. पट्टी एका वेळी ३२ बिट देते आणि पेंटियमला ६४ हवे असतात.) सर म्हणाले, "चहा पाजा आणि घेऊन जा." दहा वर्षांपूर्वी ज्या पट्टीला कुणीतरी हजारो रुपये मोजले असतील ती चहाच्या एका कपावर आली.

घरी आलो. प्रिंटरची वायर काढली. अंगातली स्थिर वीज चिपला मारते असं ऐकलं होतं म्हणून आधी पाण्याच्या नळाला हात लावला. पट्टीच्या पिना खोडरबरानं घासून पुसल्या, तिरकी सरकवली, उभी केली, दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक्‌ करून बसल्या. प्रिंटर चालू केला आणि त्याचं स्वतःच्या तब्येतीचं पान छापून घेतलं. एकूण मेमरी: दोन एमबी. दुसरी पट्टी लावून पाहिली. दोन एमबी. प्रिंटरच्या लेखी तिथं काही नव्हतंच.

परभणीच्या सायबर कॅफेत दोन तास बसल्यावर कारण समजलं. बहात्तरपैकी चार पिनांचं काम फक्त "मी कोण" हे सांगणं असतं. माझी क्षमता किती, वेग किती. कॉम्प्युटर त्या पिनांकडं सहसा बघत नाही, तो सुरू होताना मेमरीत लिहून-वाचून स्वतःच मोजतो. म्हणून स्वस्त पट्ट्या बनवणारे त्या जोडण्या गाळत. प्रिंटर मात्र त्याच चार पिनांवर विसंबतो. ओळख पटली नाही की दार बंद. पट्टीच्या कोपऱ्यात त्या जोडण्यांसाठी बारीक रिकाम्या जागा सोडलेल्या असतात, योग्य त्या जागी शिशाचा थेंब दिला की पट्टी बोलू लागते. कुठल्या क्षमतेला कुठली जागा, याचा तक्ता वहीत उतरवून आणला.

पण तांदळाच्या कणीएवढ्या जागेत डाग द्यायचा कुणी? बसस्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे चाचा होते. सत्तरच्या दशकापासूनचे कारागीर, ट्रान्झिस्टरपासून रंगीत टीव्हीपर्यंत सगळं हाताखालून गेलेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पट्टी उलटीपालटी केली आणि विचारलं, "ये क्या है मास्टर?"

"मेमरी आहे चाचा. याददाश्त."

"किसकी?"

मी नकाशाची गोष्ट सांगितली. चाचा काही बोलले नाहीत. तापलेल्या डागणीचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं, दोन ठिकाणी टेकवलं, फुंकर मारली. पैसे विचारले तर म्हणाले, "नक्शा छपा तो एक मेरेकू भी देना. मेरे मामू का घर था उधर."

संध्याकाळी घरी येऊन पट्टी लावली. तब्येतीचं पान बाहेर आलं: १८ एमबी. दोन आणि सोळा. आनंदानं नकाशा पाठवला, तर पुन्हा दोन तुकडे! तेव्हा लक्षात आलं की प्रिंटरला कळलं तरी कॉम्प्युटरला कुठं कळलंय? विंडोजमध्ये जाऊन त्या प्रिंटरपुढं मेमरीचा आकडा हातानं बदलावा लागतो. शिवाय प्रिंटरच्या मेनूत "अख्ख्या पानाची जागा राखून ठेव" अशी सोय असते, तीही चालू करावी लागते. हे करेपर्यंत वीज गेली.

त्या वर्षांत भारनियमन किती तास असे हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घरात इन्व्हर्टर होता, पण लेझर प्रिंटर त्यावर चालत नसे. टोनरची भुकटी कागदावर भाजून पक्की करणारा आतला रूळ इस्त्रीसारखी वीज ओढतो. इन्व्हर्टर नुसता किंचाळायचा. आणि प्रिंटरमधली ही मेमरी अशी, की वीज गेली की कोरी पाटी. तिचा मूळ शोध आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांचा, १९६६ चा. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कणभर साठा. हा साठा गळका असतो, म्हणून सेकंदाला कित्येक वेळा तो वाचून पुन्हा भरावा लागतो. नाही भरला तर विसर. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पाढ्यांसारखंच आहे की. रोज म्हटले नाहीत तर गेले."

वीज आली रात्री साडेअकराला. अण्णा जागेच होते. मी नकाशा पाठवला. प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहिला, मिनिटभर, दोन मिनिटं. मग आतला ढोल फिरल्याचा आवाज आला आणि कागद सरकत बाहेर आला. गरम. वरच्या कडेला नदी, खालच्या कडेला शिवेवरचा आंबा, मधे अख्खं गाव, आणि प्रत्येक घरावर वाचता येईल असं नाव.

अण्णांनी तो कागद दिव्याखाली धरला. बोटानं एकेक घर वाचत गेले. मधेच थांबून एक चूक काढली (मी "खु." च्या जागी "बु." टाईप केलं होतं). ती दुरुस्त केली आणि वीज पुन्हा जायच्या आत एकतीस प्रती काढल्या. तीस घरांच्या, एक चाचांची.

त्यानंतर काही वर्षांतच हा खेळ संपला. नंतरच्या प्रिंटरांत शंभर पिनांच्या पट्ट्या आल्या, ज्या कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसत. मग त्याही गेल्या. २००५ सालीच आलेला लेझरजेट १०२० आपल्याकडं घराघरांत, दुकानादुकानांत पोचला. त्याची मेमरी दोनच एमबी, आणि वाढवायला खाच नाही. पण आता ती लागतच नव्हती. कॉम्प्युटरची रॅम इतकी स्वस्त झाली होती की पान मांडायचं सगळं काम कॉम्प्युटरच करतो आणि प्रिंटरला तयार ठिपके पाठवतो. त्यामुळं मराठी-इंग्रजी हा भेदही गेला. प्रिंटरला कुठलंच अक्षर ठाऊक असायची गरज उरली नाही, सगळी पानं चित्रंच. वाईट काही झालं नाही, उलट सोयच झाली. फक्त क्लासवाले सर, चाचा आणि मी अशी साखळी लागण्याचं कारण संपलं.

आमचा प्रिंटर २०१४ पर्यंत चालला. मग आतली दातेरी चाकं झिजली आणि भंगारवाला घेऊन गेला. त्यातली ती डाग दिलेली पट्टी काढून घ्यायची राहून गेली, याची चुटपुट अजून आहे. अण्णा त्याच्या आदल्या वर्षी गेले.

परवा आमच्या गावच्या एका घरातली नात भेटायला आली. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्या प्रतीला वाळवी लागली होती, दुसरी मिळेल का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, अगं, सीडी आहे ना! सीडी निघाली, फाईलही उघडली, आणि पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले असत. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोड तेव्हा होता, विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोयही आली होती, पण मला ते ठाऊक नव्हतं. नकाशाची फाईल तर उघडलीच नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली तेच आता चालत नाही.

म्हणजे पानभर मजकूर दोन मिनिटं लक्षात ठेवायला जिनं धडपड केली ती मेमरी भंगारात, ज्यावर कायमचं म्हणून साठवलं ती सीडी मुकी, आणि टिकला तो त्या रात्रीचा गरम कागद. घरची प्रत काढली. तिनं मोबाईलवर फोटो घेतला, आमच्या नव्या छोट्या प्रिंटरवर दहा सेकंदांत पान आलं. अख्खं.

रात्री तिचा फोनवर फोटो आला. नकाशा जमिनीवर पसरलेला, आणि एका घरावर तिच्या आजीचं बोट.

हिरवी पट्टी पुन्हा कागदात गुंडाळून डब्यात ठेवली आणि डबा माळ्यावर चढवला. असो.